दर लॉटला परत येणारा ई-कोलाय: औषध बदलण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. अठरा-वीस दिवसांचे ब्रॉयलर पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसतात, रात्री शेडमध्ये घरघर ऐकू येते आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास मरतूक चढायला लागते. मेलेला पक्षी फाडला की हृदयावर आणि यकृतावर पांढरा-पिवळा पापुद्रा, हवेच्या पिशव्या गढूळ. सुपरवायझर म्हणतो, "कोलाय आहे, एन्रो चालवा." पूर्वी एन्रोनं (एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनं) तिसऱ्या दिवशी मर थांबायची, आता थांबत नाही. मग दुसरं औषध, मग दोन एकत्र, मग मेडिकलवाला देईल ते. लॉट कसाबसा उचलला जातो, शेड धुऊन चुना मारला जातो, नवी पिल्लं येतात आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच.

यावर सगळे एकच विचारतात: आता कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल? मी हा प्रश्न मागे ठेवतो. त्याआधी कळायला हवं की मागच्या लॉटचे पक्षी मारणारा ई-कोलाय आणि या लॉटचा ई-कोलाय एकच आहे की वेगवेगळे. एकच असेल तर तो तुमच्या शेडमध्ये मुक्काम ठोकून बसलाय. वेगवेगळे असतील तर जिवाणूमागे धावण्यात हशील नाही, पक्षी दुसऱ्याच कशानं तरी आधी खचतोय. आणि जिवाणू वेगवेगळे पण औषधांना दाद न देण्याची तऱ्हा मात्र अगदी सारखी असेल, तर प्रकरण तिसरंच. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू होत नाही, आणि नुसत्या पोस्टमार्टममध्ये हे तिन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात.

आधी औषध पोटात किती गेलं ते पाहा

"रेझिस्टन्स आलाय", म्हणजे जिवाणू औषधाला दाद देईनासा झालाय, हे वाक्य फार लवकर उच्चारलं जातं. एन्रोफ्लॉक्सासिनचा नेहमीचा डोस आहे किलो वजनामागे १० मिलिग्रॅम. शेडमध्ये ५,००० पक्षी, सरासरी वजन १.२ किलो, म्हणजे ६,००० किलो जिवंत वजन. त्याला दिवसाला ६० ग्रॅम मूळ औषध लागतं, म्हणजे १० टक्के द्रावणाचे ६०० मिली. प्रत्यक्षात मात्र "लिटरला इतके मिली" हे सूत्र पहिल्या आठवड्यापासून विक्रीपर्यंत तसंच चालवलं जातं. लहान पिल्लू वजनाच्या मानानं खूप पाणी पितं, मोठा पक्षी कमी पितो आणि आजारी पक्षी तर निपलपर्यंत (पाण्याच्या लाइनवरच्या चोचीनं दाबायच्या तोटीपर्यंत) जातच नाही. ज्याला औषध हवं त्यालाच ते सर्वांत कमी मिळतं.

दुसरी भानगड पाण्याची. आपल्याकडे बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला आणि एन्रोच्या गटातल्या औषधांना धरून ठेवतं, मग आतड्यातून औषध पुरेसं शोषलं जात नाही. शिवाय एन्रोचं पाण्यातून द्यायचं द्रावण अल्कधर्मी असतं. त्याच टाकीत ॲसिडिफायर घातला आणि सामू खाली आला की औषध साका होऊन तळाशी बसतं. औषध संपल्यावर टाकीच्या तळाशी पांढरा थर दिसला तर पैसे तिथे बसलेत असं समजा.

अपुऱ्या डोसचं खरं नुकसान पुढे कळतं. या गटातल्या औषधांना ई-कोलाय बहुधा एका उडीत नाही, पायरी-पायरीनं दाद देईनासा होतो. औषध ज्या प्रथिनावर जाऊन बसतं त्याच्या जनुकात आधी एक बदल होतो आणि औषध थोडं कमी चालायला लागतं. मग दुसऱ्या जनुकात आणखी एक बदल होतो आणि औषध निकामी होतं. अर्ध्या डोसमध्ये मधल्या पायरीवरचे जिवाणू नेमके तगून राहतात. "पूर्वी तीन दिवसांत, मग पाच दिवसांत, आता नाहीच" हा अनुभव असणाऱ्यांनी आपली जुनी बिलं काढून पक्ष्यांच्या संख्येशी आणि वजनाशी ताडून पाहावीत.

जाता जाता एक: खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन (कॉक्सिडिओसिसवरची औषधं) असेल तर पाण्यातून टियाम्युलिन हे अँटिबायोटिक देऊ नका. जिवाणू राहतील, पक्षी जातील. आणि टायलोसिन ई-कोलायवर मुळातच चालत नाही, ते मायकोप्लाझ्मा या श्वसनरोगाच्या जिवाणूसाठी आहे. ते देऊन मर थांबली नाही याचा अर्थ रेझिस्टन्स असा होत नाही.

नमुना कसा द्यायचा

बहुतेक अहवाल फसवे निघतात ते प्रयोगशाळेमुळे नाही, नमुन्यामुळे. निरोगी कोंबडीच्या आतड्यात ई-कोलाय असतोच आणि भरपूर असतो. विष्ठेचा किंवा गुदद्वाराचा स्वॅब पाठवला तर प्रयोगशाळा ई-कोलाय शोधून देणारच, पण तो पक्षी मारणारा असेल याची खात्री काय? नमुना हवा तो हृदयातल्या रक्ताचा, यकृताचा, हृदयावरच्या पापुद्र्याचा किंवा मांडीच्या हाडातल्या मगजाचा. मगज सर्वांत चांगला, कारण तिथे आतड्यातली घाण सहसा उशिरा पोहोचते. पक्षी नुकताच मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला हवा. सकाळी कचऱ्याच्या पाटीतून उचललेला चालत नाही. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना काढा, बर्फावर ठेवा (गोठवू नका) आणि शक्यतो चोवीस तासांत पोहोचवा. पशुवैद्यकीय महाविद्यालयं शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई इथे आहेत, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. आधी फोन करून जा.

आता कळीची गोष्ट. एक पक्षी देऊ नका, चार-पाच द्या, शेडच्या वेगवेगळ्या टोकांचे. आणि प्रयोगशाळेला विनंती करा की प्रत्येक पक्ष्याच्या प्लेटवरून एकच वसाहत (वाढलेल्या जिवाणूंचा ठिपका) न उचलता दोन-तीन उचला. नेहमीच्या पद्धतीत एका पक्ष्याची एक वसाहत घेऊन सेन्सिटिव्हिटी टेस्ट (कुठलं औषध चालतं याची चाचणी) लावतात आणि तो निकाल पाच हजार पक्ष्यांना लागू करतात. शेजारच्या पक्ष्यात दुसराच वाण असला तर तुम्ही बिनचूक अहवालावरून चुकीचं औषध आणता.

शक्य असेल तर आणखी एक करून घ्या: सापडलेला जिवाणू ग्लिसरॉलमध्ये घालून खोल गोठवून ठेवायला सांगा. पुढच्या लॉटला त्रास झाला तर जुळवून पाहायला काहीतरी हवं ना. याला खर्च नगण्य आहे आणि हे जवळजवळ कुणीच मागत नाही.

एकाच नावाचे किती जण

ई-कोलाय म्हणजे एक ठरावीक जिवाणू ही समजूत सोडून द्यावी लागते. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या के-१२ या वाणाची संपूर्ण जनुकीय मांडणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यात प्रथिनं बनवणारी ४,२८८ जनुकं मोजली गेली. २००१ मध्ये माणसाला रक्ती हगवण लावणाऱ्या ओ-१५७ या वाणाची मांडणी आली आणि त्यात के-१२ मध्ये नसलेली १,३८७ जनुकं निघाली. पुढच्याच वर्षी मूत्रमार्गाच्या संसर्गातला एक वाण या दोघांशी ताडून पाहिला तर तिघांच्या एकूण प्रथिनांपैकी तिघांतही असलेली फक्त ३९.२ टक्के. नाव एक, पण जनुकांचा साठा इतका निराळा.

कोंबड्यांना मारणाऱ्या ई-कोलायमध्ये ओ-१, ओ-२ आणि ओ-७८ हे गट जगभर वारंवार सापडत आले आहेत, पण यादी तिथे संपत नाही. म्हणूनच लस हा सरळ उपाय ठरत नाही. ओ-७८ वाणातलं एक जनुक काढून केलेली जिवंत लस काही देशांत वापरतात. मात्र एका गटाची लस दुसऱ्या गटापासून तितकंच संरक्षण देईल याची हमी नसते.

दोन जिवाणू एकच आहेत का, हे कसं ओळखायचं? सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सेन्सिटिव्हिटी अहवाल शेजारी शेजारी ठेवणं. बारा औषधांपैकी नेमकी तीच सात निकामी असतील तर संशय घ्यायला जागा आहे. पण हा पुरावा कच्चा आहे, का ते पुढे येईल. त्याहून बरा मार्ग एरिक-पीसीआर. जिवाणूच्या डीएनएत काही ठरावीक तुकडे जागोजागी पुनःपुन्हा येतात, त्यांच्यामधल्या अंतरांवरून जेलवर पट्ट्यांची नक्षी उमटते. एका वाणाची नक्षी एक, दुसऱ्याची वेगळी. पदव्युत्तर विद्यार्थी असलेल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात हे सहज होतं. अट एकच: जुने-नवे सगळे नमुने एकाच जेलवर चालवायचे. सोमवारचं जेल आणि पुढच्या महिन्यातलं जेल डोळ्यांनी जुळवू गेलात तर हवं ते दिसतं. याहून पक्कं हवं असेल तर सात जनुकांची क्रमवारी वाचून वाण ठरवतात, आणि सगळ्यात पक्कं म्हणजे पूर्ण जीनोम. एका शेडसाठी तेवढं लागत नाही.

नक्षी तीच निघाली तर: पाणी

दर लॉटला तोच वाण निघत असेल आणि पिल्लं वेगवेगळ्या हॅचरीची असतील, तर तो शेडमधून येतोय. मी सर्वांत आधी पाण्याच्या लाइनकडे बघतो, लिटरकडे (जमिनीवरच्या तुसाच्या थराकडे) नंतर. लिटर तुम्ही बदलता, पाइप बदलत नाही.

तीन ठिकाणचं पाणी तपासा: बोअर, टाकी आणि शेवटच्या निपलचं. बोअर स्वच्छ आणि शेवटचं निपल घाण असेल तर पाइपच्या आत बुळबुळीत थर जमलाय. बोट घालून पाहा, कळतं. या थराच्या आत बसलेल्या जिवाणूपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही, अँटिबायोटिकही जेमतेम पोहोचतं. वर आपण त्याला पोसतो. पिल्लं उतरवली की गूळपाणी, मग व्हिटॅमिन, मग इलेक्ट्रोलाइट, मग लिव्हर टॉनिक, सगळं त्याच पाइपमधून. गूळपाणी द्यायचंच असेल तर पहिल्या दिवशी हातानं भरायच्या ड्रिंकरमध्ये द्या.

दोन लॉटच्या मधल्या काळात लाइन पूर्ण रिकामी करा, हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं लाइन क्लीनर लेबलवरच्या प्रमाणात भरून ठेवा आणि मग जोराच्या दाबानं धुऊन काढा. सुटलेला थर निपलमध्ये अडकतो, म्हणून प्रत्येक निपल दाबून पाहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच ते राहून जातं.

लॉट चालू असताना क्लोरीन. ताज्या टीसीएलमध्ये (ब्लीचिंग पावडरमध्ये) साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, म्हणजे हजार लिटरला ३ पीपीएमसाठी नऊ-दहा ग्रॅम. तोंड उघडं राहिलेल्या जुन्या पोत्यात तेवढा उरलेला नसतो. ग्रामपंचायतीत पाण्यातला उरलेला क्लोरीन पाहायला वापरतात तीच ओटी टेस्ट शेवटच्या निपलच्या पाण्यावर करा, टाकीच्या नव्हे. आणि सामू बघा. ७.५ सामूला क्लोरीनचा निम्माच भाग जोरकस रूपात असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा. अल्कधर्मी बोअरच्या पाण्यात टीसीएल दुप्पट करून उपयोग होत नाही, आधी सामू खाली आणावा लागतो. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी क्लोरीन बंद, हे सांगायला नको.

पाणी स्वच्छ असूनही तोच वाण येत असेल तर जमिनीच्या आणि भिंतीच्या भेगा उकरा. लिटरमधले छोटे काळे भुंगे शेड रिकामं झालं की तिथे दडतात आणि नवं तूस पडलं की वर येतात. पिल्लं ते टिपून खातात. उंदीर आहेतच.

प्रत्येक पक्ष्यात वेगळी नक्षी निघाली तर

हे उत्तर लोकांना आवडत नाही, कारण यात दोष देण्यासारखा एकही जिवाणू नसतो. पाच पक्ष्यांत चार वाण, म्हणजे जो समोर आला तो आत शिरला. दार कुणी उघडलं?

बहुतेक वेळा अमोनियानं. निफाडच्या थंडीत रात्री पडदे पूर्ण बंद, आत ब्रूडर, लिटर ओलं, पहाटेपर्यंत अमोनिया साचतो. पंचवीस पीपीएमच्या आसपास तो गेला की श्वासनलिकेतली घाण बाहेर ढकलणाऱ्या बारीक केसांना इजा होते आणि धुळीबरोबरचा ई-कोलाय थेट हवेच्या पिशव्यांत उतरतो. शेडमध्ये रोज काम करणाऱ्याचं नाक मरतं, त्यामुळे त्याला विचारू नका. पहाटे बाहेरचा माणूस आणा, त्याला पक्ष्यांच्या उंचीवर उकिडवं बसवा आणि डोळे चुरचुरतात का विचारा. वरचा पडदा हातभर उघडा ठेवल्यानं पिल्लं गारठत नाहीत, खालचा उघडल्यानं गारठतात.

अमोनिया नसेल तर विषाणू. गंबोरोच्या विषाणूनं बर्सा (शेपटीजवळची प्रतिकारशक्तीची ग्रंथी) खाऊन टाकला की पक्ष्याची प्रतिकारशक्ती कोसळते. पोस्टमार्टमच्या वेळी बर्सा आणि प्लीहा शेजारी ठेवून पाहायला पशुवैद्यकांना सांगा. तीन-चार आठवड्यांच्या पक्ष्यात बर्सा प्लीहेपेक्षा लहान असेल तर गोष्ट तिथेच सुरू झालीय. आयबी (इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस), राणीखेतची जोरदार लस-प्रतिक्रिया आणि मायकोप्लाझ्मा हेही दार उघडतात. लासोटा ही राणीखेतची लस दिल्यावर काही दिवसांनी घरघर आणि त्यामागून कोलाय, हा क्रम दर लॉटला दिसत असेल तर लसीची वेळ आणि त्या दिवसांतली हवा तपासा. पावसाळ्यात भिजलेल्या मक्याची बुरशी हा आणखी एक छुपा हात. तिच्या अफ्लाटॉक्सिन या विषानं यकृत आणि प्रतिकारशक्ती दोन्ही खचतात.

जिवाणू वेगळे, पण निकामी औषधांची यादी तीच

सेन्सिटिव्हिटी अहवाल जुळला म्हणून जिवाणू एकच असं का म्हणता येत नाही, ते इथे कळतं. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीचा शिगेला हा जिवाणू एकदम चार औषधांना दाद देईनासा झाला. सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन. १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की ही चारही औषधं पचवण्याची क्षमता ई-कोलाय आणि शिगेला एकमेकांना देऊ शकतात, तीही एका गठ्ठ्यानं. ती प्लाझ्मिड नावाच्या, जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या कड्यावर असते.

औषधं फिरवत राहण्याचा सल्ला इथेच फसतो. तुम्ही एक महिना ऑक्सिटेट्रासायक्लिन, एक महिना सल्फा-ट्रायमेथोप्रिम असं आलटून पालटून देता, पण दोन्हींची प्रतिकार-जनुकं एकाच कड्यावर जुडग्यातल्या किल्ल्यांसारखी अडकवलेली असतात. कुठलंही एक औषध दिलं की सगळं जुडगं टिकून राहतं. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी अजून वाचण्यासारखा आहे. एका फार्मवरच्या कोंबड्यांच्या खाद्यात फक्त टेट्रासायक्लिन घातलं. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जिवाणू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. काही महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांतही असे जिवाणू वाढले, शेजाऱ्यांत नाही. आणि ते जिवाणू टेट्रासायक्लिनशिवाय इतरही औषधं पचवत होते, जी खाद्यात नव्हतीच.

कोलिस्टिन या अँटिबायोटिकचा विषय इथेच संपवतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला निकामी करणारं एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचं जाहीर केलं. माणसासाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं हे औषध आपण पिल्लांच्या टॉनिकसारखं वापरत होतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेनं मांस-दूध-अंड्यांसाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यपूरकांत त्याचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं. चीननं २०१७ मध्ये ते खाद्यातून काढल्यावर पुढच्या पाहण्यांत जनावरांत आणि माणसांतही एमसीआर-१ बरंच कमी झालेलं दिसलं. अहवालात "कोलिस्टिन: सेन्सिटिव्ह" असं आलं तरी ते मागायला जाऊ नका. बंदी आहेच, शिवाय चकती ठेवून केलेली कोलिस्टिनची चाचणी भरवशाची नसते, तो रेणू जेलमध्ये नीट पसरत नाही.

तेव्हा निकामी औषधांची यादी तीच पण नक्षी वेगळी असेल तर यादीतलं एकही औषध काही लॉट वापरू नका, "प्रतिबंधक" म्हणून पहिल्या तीन दिवसांत द्यायची पुडी तर नाहीच. मर प्रत्यक्ष चढली तर अहवालात चालणारं एकच औषध, पूर्ण वजनाच्या डोसनं, पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं. कोंबडीखत कच्चं विकू नका. ढीग लावून, ओलावा राखून, आत हात ठेववणार नाही इतकं तापू द्या आणि पालटून पुन्हा तापवा. नाहीतर तेच प्लाझ्मिड शेजारच्या भाजीच्या वाफ्यातून फिरून येतं.

पिल्लांबरोबर आलेला

काही वेळा शेड दोषी नसतंच. मर पहिल्या पाच-सहा दिवसांत असेल, बेंबी ओली-काळी आणि पिवळा बलक न जिरलेला, घाण वासाचा असेल तर हॅचरीकडे बोट जातं. हॅचरीत दिलेल्या औषधाचा परिणाम किती लांब जातो याचं उदाहरण कॅनडातल्या क्युबेकचं आहे. तिथे अंड्यांत किंवा एक दिवसाच्या पिल्लांत सेफ्टिओफर (सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक) टोचायचे. २००५ मध्ये हॅचऱ्यांनी ते आपणहून थांबवलं तसं कोंबडीच्या मांसात आणि रुग्णांत त्या गटातल्या औषधांना दाद न देणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचं प्रमाण खाली आलं. २००७ मध्ये थोडं पुन्हा सुरू केल्यावर ते परत चढलं. स्वीडनमध्ये तर ब्रॉयलरला ही औषधं देतच नव्हते, तरी तसले ई-कोलाय सापडले. ते आयात केलेल्या पैदाशीच्या पक्ष्यांबरोबर आले होते.

करार पद्धतीत पिल्लू कुठलं घ्यायचं हे तुमच्या हातात नसतं, पण नोंद तुमच्या हातात असते. प्रत्येक लॉटच्या चलनावरचा हॅचरीचा आणि पेरेंट फ्लॉकचा (पिल्लांच्या आई-बापांच्या कळपाचा) कोड, पिल्लं उतरवली ती वेळ, पहिल्या आठवड्याची रोजची मर आणि फाडलेल्या पक्ष्यांच्या बेंबीचा फोटो एका वहीत ठेवा. त्याच हॅचरीची पिल्लं घेतलेले गावातले दोघे-तिघे मिळून एकाच दिवशी नमुने द्या आणि सगळे एकाच जेलवर चालवायला सांगा. वेगवेगळ्या शेडमधून, वेगवेगळ्या पाण्यावरून तीच नक्षी आली तर तो कागद घेऊन कंपनीच्या डॉक्टरकडे जा आणि पेरेंट फ्लॉकला गेल्या तीन महिन्यांत काय काय दिलं त्याची यादी लेखी मागा.